वजा एक इंच

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, जेव्हा त्याला या जगातली आपली नेमकी जागा कळते. जाडीभाऊला ती फार पूर्वीच कळली होती. सुतारकामाच्या दुकानाच्या दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताच्या कोपऱ्यात, थिकनेसर मशीनच्या मागे, भुशाच्या ढिगाला पाठ लावून. शोध म्हणून त्यात फारसा राम नव्हता. पण जागा त्याची होती, आणि वडील गेल्यापासून तिच्यावर दुसऱ्या कुणाची सावली पडलेली नव्हती. सावली पडावी इतका उजेडही तिथे नव्हता, ही गोष्ट वेगळी.

जाडीभाऊ अंगाने काटकुळा होता. नाव कामावरून पडलेलं. वखारीतून येणारी फळी वाकडी, पिळलेली, एका टोकाला फुगलेली असते. ती आधी थोरल्या भावाकडे जायची. तो सरफेसर मशीनवर तिची एक बाजू आणि एक कड सपाट करायचा. मग ती धाकट्याकडे यायची. तो थिकनेसरमधून काढून तिची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी करायचा. म्हणून गिऱ्हाइकं थोरल्याला सरळदादा आणि धाकट्याला जाडीभाऊ म्हणायची. दादा स्वभावानेही सरळ होता का, हे कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला घरी फळी न्यायची असते, स्वभाव नाही.

दोघांमध्ये कामाच्या वेळी बोलणं असं नव्हतंच. दादा फळी सपाट करायचा आणि मागे न बघता हात मागे करायचा. जाडीभाऊ ती घ्यायचा. इतक्या वर्षांत फळी हवेत राहिली, असं कधी झालं नव्हतं. जाडीभाऊने दादाचा चेहरा जितका पाहिला होता त्याहून त्याची पाठ कितीतरी जास्त पाहिली होती, आणि पाठीवरून त्याला सगळं कळायचं: दादाचं कुणाशी वाजलंय, जेवण जड झालंय, गिऱ्हाईक परत आलंय.

त्यामुळे सरफेसरचं बेअरिंग रडायला लागलं त्या आठवड्यात दादाची पाठ काहीतरी लपवतेय, हे त्याला लगेच कळलं.

"हे आता जाणार," दादा मशीन बंद करत म्हणाला. पाती थांबायला वेळ घेत होती. "तुझंही म्हातारंच झालंय."

"माझं चांगलं चालतंय," जाडीभाऊ म्हणाला.

"आता दोन्ही कामं एकच मशीन करतं. वर सपाट करायचं, टेबलं उचलायची, खालून जाडी काढायची. दोन कशाला हवीत." दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "जागाही मोकळी होईल."

"कुठली जागा?"

दादाने हनुवटीने दाखवली. जाडीभाऊ त्या जागेवर उभा होता.

नव्या मशीनचं माहितीपत्रक दुसऱ्या दिवशी दादाच्या जेवणाच्या डब्याखाली सापडलं. लपवलेलं होतं असं म्हणवत नव्हतं, कारण डबा उचलला की दिसत होतं. आणि समोर ठेवलेलं होतं असंही म्हणवत नव्हतं. गुळगुळीत कागदावर पांढरंशुभ्र मशीन, मागे पांढरीशुभ्र भिंत, जमिनीवर भुशाचा कण नाही. मशीनला टेकून एक माणूस हसत होता. जाडीभाऊने कागद उलटा केला. मागच्या बाजूला तोच माणूस, टेबलं वर केलेली, खालून फळी बाहेर येतेय. ती घ्यायला दुसरा माणूस नव्हता. ती घ्यायलाही तोच वळसा घालून जाणार होता आणि बहुधा हसतच जाणार होता.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती शिलाईयंत्रावर बसली होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे आधी सगळं ऐकून घ्यावं लागलं.

"म्हणजे मशीन एक आणि माणसं दोन," जाडीभाऊने समारोप केला.

बायकोने टाचण्या काढल्या. "मी शिवतेही आणि स्वयंपाकही करते. म्हणून या घरातून कुणाला काढलंय का मी?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? काढायचं झालं असतं तर कुणाला काढायचं हे पक्कं होतं." तिने पायडल मारलं. "दादांना सरळ विचारा की."

"काय विचारू? मला काढतोयस का, असं?"

"मग काय माप विचारणार?"

हे ती सहज म्हणाली. पण पुढे जे झालं ते मापावरूनच झालं.

मशीन बघायला दोघे गेले. दुकान रस्त्याच्या टोकाला होतं, मोठ्या काचेचं. विक्रेत्याची दहाही बोटं शाबूत होती. दादाच्या डाव्या तर्जनीचं टोक सरफेसरने कधीच ठेवून घेतलं होतं, त्यामुळे लाकडाच्या मशीनबद्दल बोलणाऱ्या माणसाची बोटं मोजायची दोघांनाही सवय होती. आकडा पूर्ण भरला की ते थोडे सावध व्हायचे.

विक्रेत्याने मशीन चालू केलं. जाडीभाऊला तेच सगळ्यात जास्त खटकलं. त्यांची दोन्ही मशीनं चालू झाली की गल्लीला कळायचं. हे नुसतं गुणगुणलं. काहीतरी पक्कं ठरवून बसलेली माणसं जशी शांत असतात, तसं ते शांत होतं.

"हे बघा सरफेसिंग," विक्रेता म्हणाला. "आता हा आधाराचा कठडा काढला. ही टेबलं अशी वर." दोन्ही टेबलं मागच्या बाजूला उघडली, मोठ्या पेटीची झाकणं उघडावीत तशी. आत पात्यांचा रूळ दिसला, तेलकट, चकचकीत. "हा भुशाचा हुड फिरवला की झालं थिकनेसर. एकटा माणूस आरामात करतो."

"एकटा," जाडीभाऊ म्हणाला.

"आरामात."

दादाने विचारायच्या त्या गोष्टी विचारल्या. टेबलं परत खाली घेतल्यावर पातळी तीच राहते का? रुंद फळी वरूनही तेवढीच जाते का जेवढी खालून जाते? जाडी लावून ठेवली आणि मध्येच टेबलं खाली घ्यायची वेळ आली, तर?

"मग जाडीचं माप जातं," विक्रेता म्हणाला. लपवाछपवी करणारा माणूस नव्हता तो. "आधी सगळ्या फळ्या वरून काढून घ्यायच्या, मग सगळ्या खालून. मध्ये अदलाबदल करायची नाही. तेवढी शिस्त पाहिजे."

"दोन वेगळी नवी घेतली तर?"

"तुमची जागा केवढी?"

दादाने सांगितली. विक्रेत्याने सहानुभूतीने मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

"तू विचार काहीतरी," दादा भावाला म्हणाला.

जाडीभाऊने रात्रभर तयार केलेला प्रश्न विचारला. "दोन मशीनं असली की एक बंद पडलं तरी एक चालतं. हे बंद पडलं म्हणजे दोन्ही बंद."

"हे बंद पडत नाही," विक्रेता म्हणाला.

"सगळीच पडतात," दादा म्हणाला. तो मशीनकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. "कधी, एवढाच प्रश्न असतो." मग त्याने घाईघाईने दुकानात मागे कुठे जाता येईल असं विचारलं, आणि बराच वेळ आला नाही.

त्या बराच वेळात विक्रेत्याने जाडीभाऊला सांगितलं, "तुमच्या दाराची रुंदी चौतीस इंच हवी. त्याच्या खाली गेली तर हे आत जाणार नाही, आणि मी ते उभं-आडवं करून कोंबायला माणसं देणार नाही. दार नीट मोजा."

त्यानंतर गोष्टी एकामागोमाग घडायला लागल्या. कधी नव्हे ती वहिनी दुकानात डबा घेऊन आली आणि जाडीभाऊकडे निरखून बघत म्हणाली, "भाऊजी, तुमची तब्येत बरी असते ना? रात्री झोप लागते सलग?"

"लागते की."

"नशीबवान आहात," वहिनी म्हणाली आणि दादाकडे बघून गप्प झाली. इतकी वर्षं तिने त्याच्या झोपेची चौकशी केली नव्हती. कुणाला घरी बसवायचं असलं की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी सुरू होते, एवढं जाडीभाऊला माहीत होतं. समोरच्या छापखान्यातल्या बाइंडरचं असंच झालं होतं.

दोन दिवसांनी एक आडदांड माणूस आला. त्याने जाडीभाऊला नमस्कार केला नाही. सरळ त्याच्या कोपऱ्यात शिरला, भिंतीवर बोटांनी ठकठक केली, खाली वाकून फरशी बघितली, भुशाचा ढीग पायाने सारला.

"हे सगळं काढावं लागेल," तो म्हणाला.

"काढू," दादा म्हणाला.

"आणि हा?" त्याने थिकनेसरकडे बोट दाखवलं, पण जाडीभाऊ थिकनेसरला टेकून उभा होता, त्यामुळे दिशा एकच होती.

"तोही."

त्या माणसाकडे टेप नव्हता. दादाने दुकानातला टेप काढून कोपऱ्याची लांबी-रुंदी मोजली आणि आकडे वाचून दाखवले. त्या माणसाने ते तळहातावर लिहून घेतले. जाताना तो दादाच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघं हसले. जाडीभाऊने सगळं पाहिलं. घाबरलेल्या माणसाला सगळं दिसतं, पण जे बघायचं असतं ते सोडून. दादाने आकडे जसेच्या तसे वाचले, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आता या टेपबद्दल सांगायला हवं. वडिलांच्या काळात गोल करवतीने त्याचा पहिला इंच खाल्ला होता. त्यामुळे तो सुरूच एकपासून व्हायचा, आणि जे माप दिसेल त्यातून एक वजा करावा लागायचा. नवा टेप आणून बघितला होता. पण हाताला वजाबाकीची इतकी सवय, की नव्या टेपने केलेली कपाटं इंचाने आखूड झाली. शेवटी तो चांगला टेप कुणालातरी देऊन टाकला आणि जुना परत खिळ्याला लटकवला.

जाडीभाऊने तरुणपणी एकदा वजा करायचं विसरून एका नव्या नवरीच्या कपाटाची पार वाट लावली होती. आरसा दारापेक्षा मोठा झाला होता. तेव्हापासून एक पद्धत ठरून गेली. जाडीभाऊने टेपवर दिसेल तोच आकडा सांगायचा, वजाबाकी दादा करणार. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. दादाचा भावावर विश्वास नव्हता असं नाही, त्याच्या वजाबाकीवर नव्हता.

"दार मोजून ठेव," दादा त्या दिवशी म्हणाला. "उद्या फोन करून टाकतो त्याला."

म्हणजे आपल्या जागी येणाऱ्याला आत घ्यायचं दार आपणच मोजायचं. जाडीभाऊने टेप घेतला आणि चौकटीला लावला. पस्तीस दिसत होते. म्हणजे दार चौतीस. काठोकाठ. पांढरं मशीन गुणगुणत आत येणार, आणि तो त्याच दाराने बाहेर जाणार.

तो तिथे बराच वेळ उभा राहिला. मापात खोटं बोलणं त्याला जमलं नसतं. बायकोशी बोलला असेल, वखारवाल्याशी तर बोलायलाच लागतं, पण मापात नाही. मग एकदम त्याच्या लक्षात आलं, की खोटं बोलायची गरजच नाही.

"किती आलं?" दादाने विचारलं.

"चौतीस," जाडीभाऊ म्हणाला.

दार चौतीसच होतं. त्याने आयुष्यात याहून खरं माप दिलं नव्हतं. दादाची पाठ थोडी खाली आली. ओठ हलले. त्याने एक वजा केला.

"तेहतीस," तो हळूच म्हणाला. "नाही जायचं आत." थोड्या वेळाने म्हणाला, "चौकट फोडायची तर वरची भिंत येईल खाली." आणि आणखी थोड्या वेळाने, कुणाशीच नाही असं: "बघू. आहे तेच चालवू."

खरं बोलून इतका अपराधी वाटलेला माणूस त्या गल्लीत तरी दुसरा नसावा. बायकोने विचारलं काय झालं, तर त्याने "मशीन रद्द" एवढंच सांगितलं. "मग तोंड असं का?" ती म्हणाली. तोंड कसं झालं होतं हे त्याला माहीत नव्हतं.

सरफेसर आता रडत नव्हता, ओरडत होता. टेबलाला कंप सुटला होता, फळी आपसूक सरकायची. दादाचंही काहीतरी बिनसलं होतं. तो मध्येच मशीन सोडून रस्ता ओलांडून समोरच्या छापखान्यात जायचा आणि परत येऊन जास्त घाईने कामाला लागायचा. त्याच्या पाठीला हल्ली थारा नव्हता. जाडीभाऊला वाटलं, छापखान्यात तो दुसऱ्या कुणाला भागीदार करायचं ठरवतोय. वाईट विचारांना शिस्त असते, ते एका रांगेत येतात.

त्या दिवशी दादाने फळी सपाट केली आणि हात मागे केला.

जाडीभाऊ दाराकडे बघत होता. चौकटीकडे. खरं म्हणजे त्या चौकटीतून काय काय आत येऊ शकलं असतं, त्याकडे.

फळी हवेत राहिली.

दादाने क्षणभर वाट बघितली. मग जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मान वळवून मागे बघितलं. तोल जाऊ नये म्हणून त्याने दुसरा हात टेबलावर टेकला. टेबल थरथरत होतं. हात हळूहळू पात्यांच्या दिशेने सरकत होता, आणि दादा भावाकडे बघत होता, हाताकडे नाही.

जाडीभाऊ थिकनेसरवरून आडवा झाला आणि त्याने सरफेसरचं लाल बटण दाबलं. मोटर थांबली. पाती थांबली नाहीत, त्यांचा आवाज नुसता खाली खाली येत गेला. त्याने दादाचं मनगट धरून हात उचलला. बोटं आणि रूळ यांच्यामध्ये जेमतेम एक काडेपेटी मावली असती.

दोघे पाती थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.

"कुठे बघत होतास?" दादा म्हणाला.

"दाराकडे."

"दाराला काय झालं?"

दादाने आपली बोटं बघितली, उरलेली सगळी होती. "आलोच," तो म्हणाला आणि पाय आखडून, तरीही भलत्याच वेगाने, रस्त्यापलीकडे गेला.

तो परत आला तेव्हा जाडीभाऊ टेप घेऊन चौकटीत उभा होता.

"दार परत मोजलं," तो म्हणाला. "पस्तीस."

दादाचे ओठ हलले. "चौतीस. त्या दिवशी चौतीस म्हणालास."

"त्या दिवशी मी वजा करून सांगितलं."

"तुला कुणी सांगितलं होतं वजा करायला?"

"कुणी नाही."

"मग मी परत वजा केला."

"हो."

"आणि तू बघत राहिलास."

"हो."

दादा लाकडाच्या थप्पीवर बसला. रागावलेला दिसत नव्हता, याचं जाडीभाऊला जास्त वाईट वाटलं. पाठ दिसत असती तर काहीतरी कळलं असतं. चेहरा त्याला नीट वाचता येत नव्हता.

"का?" दादाने विचारलं.

"मशीन एक. माणसं दोन. तो आडदांड माणूस येऊन माझा कोपरा मोजून गेला. वहिनी झोपेचं विचारते."

"तो प्लंबर आहे."

"प्लंबर कशाला?"

दादाने रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, मशीन चालू असताना बोलतात त्याहूनही मोठ्याने म्हणाला, "संडासाला," आणि मग आवाज उतरवला. "डॉक्टर म्हणतात, वय झालं की होतं पुरुषांना. दर थोड्या वेळाने जावं लागतं. रात्रीसुद्धा. छापखान्यातले लोक हल्ली मला बघितलं की घड्याळ लावतात. म्हटलं, एक मशीन गेलं की तुझ्या कोपऱ्यात बांधून टाकू."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? धाकट्या भावाला मुतायचं सांगू?"

जाडीभाऊने जरा विचार केला. "आणि मी?"

"तू काय?"

"मशीनवर कोण?"

"ती टेबलं काय मी उचलणार? डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलीये. तू उचलणार. वरूनही तूच काढणार, खालूनही तूच. मी फळ्या धरणार." दादा उठला. "तुला काय वाटलं, तुला काढून संडास बांधतोय?"

"मला संडासाचं माहीत नव्हतं."

"म्हणजे नुसतंच काढतोय."

"हो."

"वा," दादा म्हणाला. त्या दिवशी दोघांमध्ये दुसरं बोलणं झालं नाही. पण फळीही हवेत राहिली नाही.

आधी कोपरा रिकामा झाला, मग तिथे भिंत आणि दार उभं राहिलं, आणि मग मशीन आलं. ते चौकटीतून आत गेलं तेव्हा दोन्ही बाजूंना रंग खरवडला गेला, पण गेलं. गुणगुणलं. जाडीभाऊने सगळ्या फळ्या वरून सपाट केल्या. कठडा काढला, दोन्ही टेबलं उचलून मागे उभी केली, हुड फिरवला, जाडी लावली आणि पहिली फळी आत सारली. फळी पलीकडून बाहेर आली. घ्यायला कुणी नव्हतं.

संडासाच्या दारावर आतून थाप पडली. दार हलकंसं हललं आणि टेबलाच्या कडेला लागून थांबलं.

"अरे," आतून दादाचा आवाज आला. "उघडत नाहीये."

जाडीभाऊने मशीन बंद केलं आणि फटीला डोळा लावला. एक इंच कमी पडत होता. प्लंबरला माप देताना दादाने आकडे जसे दिसले तसे वाचून दाखवले होते, आणि दुसऱ्याच्या मापातून वजा करायची सवय असलेल्या माणसाने आपल्या मापातून वजा केलं नव्हतं. भिंत इंचभर पुढे आली होती.

"जाडी लावून ठेवलीये दादा," तो म्हणाला. "आता टेबलं खाली घेतली तर माप जाईल."

दार आतून पुन्हा एकदा ढकललं गेलं आणि टेबलाला लागलं.

"किती फळ्या राहिल्यात?"

"बऱ्याच."

आतून बादली उपडी केल्याचा आणि तिच्यावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. जाडीभाऊने मशीन चालू केलं.

टेबलं वर असली की संडासाचं दार उघडत नाही.